‘शो मी लव्ह’ तीस वर्षांनंतरही का वाजतं?

रॉबिन एस या अमेरिकन गायिकेचं ‘शो मी लव्ह’ हे हाउस प्रकारातलं नाचाचं गाणं १९९३ साली अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ब्रिटनच्या यादीत सहाव्या. हिट म्हणून हे भरघोसच, पण दोन्हीकडे पहिला नंबर काही लागला नाही. त्या वर्षी त्याच्या वर बसलेली कितीतरी गाणी आज कुणाला आठवत नाहीत. हे मात्र टिकलं. २००९ मध्ये ते नव्या मांडणीत पुन्हा ब्रिटनच्या यादीत आलं. २०११ मध्ये जेसन डेरुलोने, २०१३ मध्ये किड इंकने आणि २०२२ मध्ये चार्ली एक्ससीएक्सने ते आपापल्या गाण्यात घेतलं. त्याच २०२२ मध्ये बियॉन्सेच्या ‘ब्रेक माय सोल’मधून त्याची आठवण जगभर जागी झाली. नाव माहीत नसलेली माणसंसुद्धा सुरुवातीचा तो ऑर्गन कानावर पडला की मान डोलवायला लागतात.

हे असं का झालं, हे शोधायला गेलं की सुरुवात ठेक्यापासून होते आणि शेवट कॉपीराइटच्या कायद्यात होतो. मला दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. गाणं कशाने चाललं हे कळल्याशिवाय, ते चालल्यावर पैसा आणि नाव कुणाला मिळालं, हा प्रश्न नीट विचारताच येत नाही.

आधी हाउस म्हणजे काय

शिकागो शहरात साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत १९७७ साली ‘द वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथला डीजे फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कहून आलेला. नाचायला येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी पुरुष जास्त. शहरातल्या इतर क्लबांमध्ये ज्यांना मोकळेपणाने जाता येत नव्हतं, त्यांची ही जागा होती. याच क्लबच्या नावावरून पुढे त्या संगीताला हाउस म्हणू लागले.

तेव्हा डिस्कोचा जोर होता आणि डिस्कोविषयीचा रागही वाढत चालला होता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवून दिली. गर्दी मैदानात घुसली, नासधूस झाली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच सोडून द्यावा लागला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांचं संगीत होतं, त्यामुळे त्या दिवशीचा राग नुसता गाण्यांवरचा होता असं म्हणणं कठीण आहे.

नाचणारी माणसं मात्र कुठे गेली नव्हती. नव्या तबकड्या येईनाशा झाल्या तशी शिकागोतल्या डीजेंनी जुन्याच तबकड्या ताणायला सुरुवात केली. आवडता तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, खाली ड्रम मशीनचा ठोका लावून द्यायचा. रोलँड या जपानी कंपनीची टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही यंत्रं बाजारात फारशी चालली नव्हती, म्हणून जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळत. पैसे बेताचे असलेल्या पोरांनी ती उचलली आणि घरीच गाणी बनवू लागली. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सचं ‘ऑन अँड ऑन’ आलं. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचं ‘जॅक युअर बॉडी’ थेट ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. हाउसला घरच्या देशापेक्षा युरोपात आधी मान मिळाला, आणि आपलं गाणंही त्याच वाटेने गेलं.

या संगीताचा सांगाडा साधा आहे. चार मात्रा, आणि चारही मात्रांवर किक ड्रमचा सारखाच भरीव ठोका. वेग मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचा, म्हणजे सेकंदाला दोन. दर दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध झांजेसारखा ‘त्स’ असा आवाज येतो. मिरवणुकीत ढोल जमीन हादरवत राहतो आणि मधल्या जागा ताशा भरतो, तशी ही वाटणी आहे. ढोल न चुकता येणार, याची शरीराला खात्री पटली की पाय आपोआप पडतात आणि कान बाकीच्या गोष्टींसाठी मोकळा होतो.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट डीजेच्या सोयीची. डीजे दोन टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. एक गाणं संपायच्या आधीच दुसरं त्याच वेगाला आणून त्यात मिसळतो, म्हणजे नाच थांबत नाही. यासाठी गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ठेक्याची लांब पट्टी लागते. म्हणून क्लबसाठीच्या बारा इंची तबकडीवरचं गाणं सात-आठ मिनिटांचं आणि रेडिओवरचं चार मिनिटांचं. एकाच गाण्याच्या अनेक आवृत्त्या असणं हा या संगीतात नियमच आहे. रीमिक्सला इथे कुणी दुय्यम मानत नाही. अनेकदा लोकांना माहीत असलेलं गाणं म्हणजे रीमिक्सच असतं.

नाकारलेला रीमिक्स

‘शो मी लव्ह’ लिहिलं अ‍ॅलन जॉर्ज आणि फ्रेड मॅक्फर्लेन यांनी. गायलं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या रॉबिन स्टोन यांनी, रॉबिन एस या नावाने. लंडनच्या चॅम्पियन रेकॉर्ड्सने ते १९९० साली बाजारात आणलं. तेव्हाच्या मांडणीत तो प्रसिद्ध ऑर्गन नव्हताच. गाणं आलं आणि फार गाजावाजा न होता बाजूला पडलं.

दोन वर्षांनी ते स्टॉकहोममध्ये स्टोनब्रिजच्या हाती आलं. याचं खरं नाव स्टेन हालस्ट्रॉम. स्वेमिक्स नावाच्या स्वीडिश डीजे आणि रीमिक्सकारांच्या गटातला हा माणूस. रीमिक्स म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. स्टुडिओत गायिकेचा आवाज, ड्रम, बास, की-बोर्ड हे सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित झालेलं असतं. रीमिक्स करणारा त्यातून हवं ते ठेवतो, नको ते काढतो आणि स्वतःचं भरतो. पुष्कळदा मूळ गाण्यातला फक्त आवाज शिल्लक राहतो आणि त्याभोवती सगळं नवं उभं केलं जातं.

स्टोनब्रिजने पहिला प्रयत्न करून पाठवला. तो कंपनीला पसंत पडला नाही. मग त्याने काय केलं, ते त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे: किक ड्रम आणि रॉबिनचा आवाज एवढंच ठेवून बाकी सगळं बंद केलं. त्या उघड्या सांगाड्यावर तो कॉर्ग एम१ या की-बोर्डमधले आवाज एकेक करून वाजवून पाहू लागला, आणि ‘ऑर्गन २’ नावाच्या आवाजाशी येऊन थांबला.

कॉर्ग एम१ हा की-बोर्ड १९८८ साली आला. आत खऱ्या वाद्यांचे आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत साठवलेले, त्यांवर प्रक्रिया करायची सोय, आणि वाजवलेलं नोंदवून ठेवायला आठ ट्रॅक. एका यंत्रात आख्खं गाणं बांधता येई, म्हणून तो जगभर खपला. साधारण अडीच लाख नग विकले गेले. सोबत कारखान्यातूनच तयार करून दिलेले आवाज येत, ज्यांना प्रीसेट म्हणतात. ‘ऑर्गन २’ हा त्यातलाच एक. म्हणजे स्टोनब्रिजने आवाज घडवला नाही. त्याने तो निवडला, आणि कुठे, कसा वाजवायचा हे ठरवलं.

हा आवाज जवळून ऐकण्यासारखा आहे. पट्टी दाबताच आधी एक छोटासा ‘टक्’ येतो आणि मग पोकळ, लाकडी वाटणारा सूर. बोट लगेच उचललं की सूर तिथेच तुटतो, मागे काही रेंगाळत नाही. खालच्या पट्टीत असे तुटक सूर वाजवले की तो बास होतो, आणि त्या ‘टक्’मुळे तालवाद्यही होतो. साधा बास गिटार किंवा सिंथेसायझरचा खोल बास लहान स्पीकरवर नीट ऐकू येत नाही. या ऑर्गनच्या सुरात मधल्या पट्ट्यांचा भरणा आहे. त्यामुळे गाडीतल्या रेडिओवर किंवा टीव्हीच्या डब्यातूनही त्याचा ठेका जसाच्या तसा पोहोचतो. क्लबमधलं गाणं रेडिओवर चालायला हा गुण फार कामाला आला असणार, असं मला वाटतं.

वाजवणंही तितकंच नेमकं. ऑर्गनचे बरेचसे सूर किकच्या ठोक्यावर पडत नाहीत, ठोक्यांच्या आगेमागे पडतात. पायाखाली सरळ ठोका, वर अडखळत जाणारा ऑर्गन, आणि या दोघांच्या ओढाताणीत कंबर हलते. वरून अधूनमधून एक खरखरीत, किंचाळल्यासारखा सिंथेसायझरचा सूर येतो. एवढंच. भराव नाही, व्हायोलिनचा ताफा नाही.

आणि म्हणूनच आवाजाला जागा मिळाली. रॉबिन एस यांचं गाणं चर्चमधल्या गॉस्पेलच्या घराण्यातलं आहे: छातीतून येणारा, जोर लावून धरलेला सूर, ओळीच्या शेवटी तो थोडा फाटू द्यायची तयारी. शब्दांचा आशय असा की गोड बोलणी पुष्कळ ऐकून झाली, मन पुष्कळदा मोडलं, आता प्रेम असेल तर ते करून दाखव. नाचाच्या गाण्यात अशी बाई सहसा भेटत नाही. ती विनवण्या करत नाही, अट घालते. भरगच्च वाद्यमेळात ही अट कदाचित बुडाली असती. किक आणि ऑर्गनच्या मोकळ्या चौकटीत तिचा शब्द न् शब्द कळतो. स्टोनब्रिजचं खरं कौशल्य मला या काढून टाकण्यात दिसतं.

नवी आवृत्ती १९९२ च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये पसरत गेली. अमेरिकेत क्रेग कॉलमनच्या बिग बीट रेकॉर्ड्सने ती काढली आणि तिथल्या नृत्यसंगीताच्या यादीत ती पहिली आली. स्टॉकहोममधून निघालेल्या या प्रवासात एक योगायोग सांगून टाकतो, कारण यात गोंधळ नेहमी होतो. १९९७ मध्ये स्वीडनच्याच रॉबिन या गायिकेचं ‘शो मी लव्ह’ याच नावाचं गाणं अमेरिकेत गाजलं. गाणं वेगळं, गायिका वेगळी.

गायिकेचं नाव तबकडीवर असणं

आज वाचून नवल वाटेल, पण त्या काळात हाउस गाण्यावर खऱ्या गायिकेचं नाव असेलच याची खात्री नसे. इटलीच्या ब्लॅक बॉक्सचं ‘राइड ऑन टाइम’ १९८९ मध्ये सहा आठवडे ब्रिटनमध्ये पहिलं होतं. त्यातला आवाज लोलीटा हॉलोवे यांच्या १९८० च्या गाण्यातून उचललेला होता, आणि पडद्यावर ओठ हलवत होती एक मॉडेल. मार्था वॉश यांच्याबाबत तर हे वारंवार घडलं. ब्लॅक बॉक्सच्या इतर गाण्यांत आणि सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या १९९० च्या ‘गॉना मेक यू स्वेट’मध्ये आवाज त्यांचा, व्हिडिओत दिसणारी दुसरीच सडपातळ तरुणी. त्या कोर्टात गेल्या, तडजोडी झाल्या, आणि त्यांच्या लढ्यानंतर गायकांची नावं नीट छापण्याकडे कंपन्यांना लक्ष द्यावं लागलं. ‘शो मी लव्ह’वर रॉबिन एस यांचं नाव आहे आणि व्हिडिओत त्या स्वतः आहेत. त्यामागे या बायकांनी सोसलेलं बरंच काही आहे.

गाण्याचा मालक कोण

कायद्याच्या नजरेत एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल; ही लिहिणाऱ्यांची, इथे जॉर्ज आणि मॅक्फर्लेन यांची. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष मुद्रण, जे बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं असतं आणि गायकाला करारात ठरलेला हिस्सा मिळतो.

जुन्या मुद्रणाचा तुकडा कापून तुमच्या गाण्यात लावलात तर त्याला सॅम्पल म्हणतात, आणि त्यासाठी दोन्ही मालकांची परवानगी लागते. तीच चाल तुम्ही नव्याने वाजवलीत किंवा गायलीत तर मुद्रणाला हात लागत नाही, म्हणून फक्त लिहिणाऱ्यांशी बोलावं लागतं. याला इंटरपोलेशन म्हणतात.

आता उरतो आवाजाचा पोत, म्हणजे ‘ऑर्गन २’. त्यावर कुणाचीच मालकी नाही. कॉर्ग एम१ विकत घेतलेला कुणीही तो वाजवू शकत होता आणि पुढे हजारोंनी वाजवला. आज त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती मिळते, आयपॅडवरही चालते. ‘शो मी लव्ह’ची चाल न घेताही त्याची आठवण करून देता येते, ती यामुळेच. नव्या हाउस गाण्यांत हा पोकळ, तुटक ऑर्गन सारखा कानावर येतो आणि बहुतेकदा त्यात कुणाच्या हक्काचा प्रश्नच उभा राहत नाही.

या वाटणीत गायिका आणि रीमिक्सकार कुठे बसतात ते पाहा. रॉबिन एस यांचं नाव गीतकारांत नाही. त्यामुळे चाल कुणी नव्याने वाजवली तर त्यांना कायद्याने आपोआप काही मिळत नाही. स्टोनब्रिजचंही नाव गीतकारांत नाही, आणि त्या काळी रीमिक्सकाराला सहसा एकरकमी मानधन देऊन मोकळं केलं जाई. गाणं ज्या आवाजाने आणि ज्या ठेक्याने ओळखलं जातं, त्या दोन्हींचे धनी कागदावर बाजूलाच राहतात. अमेरिकेत तर आणखी एक अन्याय आहे: तिथल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकारांना पैसे मिळतात, गायकाला नाही. ब्रिटनमध्ये गायकालाही हिस्सा मिळतो. गायकाच्या रॉयल्टीचा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात तो लावून धरला आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचे मतभेद होऊन काही वर्षं दोघांची द्वंद्वगीतं थांबली, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.

२० जून २०२२ ला ‘ब्रेक माय सोल’ आलं. ऐकणाऱ्यांनी तो ऑर्गन लगेच ओळखला. श्रेयनामावलीत बियॉन्सेबरोबर जॉर्ज आणि मॅक्फर्लेन यांची नावं होती. ऑगस्टमध्ये गाणं हॉट १०० मध्ये पहिलं आलं. १९९३ मध्ये जे स्थान हुकलं होतं, तिथे त्या ठेक्याची छाया तरी पोहोचली. रॉबिन एस यांना ही बातमी मुलाच्या फोनवरून कळली, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी बियॉन्सेचे मनापासून आभार मानले. आपण हयात असतानाच आपली कदर झाली, याचा त्यांना आनंद होता. त्यांचं मन मोठं आहे. मला मात्र वाटतं, गाण्याचा आत्मा ज्या मुद्रणात आहे त्या मुद्रणातल्या गायिकेला अशी बातमी घरच्यांकडून कळू नये, तिला आधी फोन जायला हवा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ब्रेक माय सोल’ला सर्वोत्तम नृत्य-इलेक्ट्रॉनिक मुद्रणाचा ग्रॅमी मिळाला. त्याच रात्री अल्बमचा पुरस्कार घेताना बियॉन्सेने हे संगीत निर्माण केल्याबद्दल क्विअर समाजाचे व्यासपीठावरून आभार मानले. त्याच वर्षी जूनमध्ये शिकागो शहराने ‘द वेअरहाउस’ची इमारत संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केली. फ्रँकी नकल्स ते पाहायला नव्हते, २०१४ मध्येच ते गेले. पण १९९८ चा रीमिक्सकारांसाठीचा पहिला ग्रॅमी त्यांना मिळाला होता, आणि क्लबसमोरच्या रस्त्याला २००४ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं होतं.

स्वतः ऐकून पाहायचं असेल तर आधी १९९० ची आवृत्ती लावा आणि फक्त गायिकेकडे लक्ष द्या. मग स्टोनब्रिजची लांब आवृत्ती, शक्यतो चांगल्या हेडफोनवर: आवाज यायच्या आधी किक आणि ऑर्गन एकमेकांना कशी वाट देतात ते ऐका, आणि नंतर तीच आवृत्ती फोनच्या स्पीकरवर. किक बरीचशी नाहीशी होईल, ऑर्गन राहील. शेवटी ‘ब्रेक माय सोल’ लावा आणि त्यात काय घेतलं, काय सोडलं हे तुमच्या कानाने ठरवा.